चार नंबरचं कुलूप

संध्याकाळी सहा बावन्नला माझा मोबाइल वाजला. बोलणं अडतीस सेकंद चाललं. त्या वेळी मी मोहदरी घाटाच्या पायथ्याशी, कंटेनरमध्ये थाटलेल्या एका दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्या हातात अर्धा खाल्लेला चिकन बर्गर होता. तारीख चौदा ऑक्टोबर दोन हजार अकरा, वार शुक्रवार. वेळ आणि सेकंद फोन कंपनीच्या कागदावर आहेत. बर्गरची नोंद कुठेच नाही.

"कोण आहे?" पुष्करने विचारलं.

"गांगुर्डे. प्लांटवरून."

"मग उचल. तो वाजवत बसतो. कुत्रं मागे लागल्यासारखा."

मी उचलला.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत मला सदतीस दिवस झाले होते. टोमॅटो सॉस आणि मेयोनीज बनवणारी कंपनी. मी ट्रेनी प्रॉडक्शन ऑफिसर, वय तेवीस, गाव अकोल्याजवळचं. ट्रेनी तीन-चार महिन्यांत कंटाळून जातात, असा तिथला अनुभव होता, त्यामुळे आमची नावं कुणी पाठ करत नसे. सदतीस दिवस मी कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी जेवले. संध्याकाळी खोलीवर जायचं, मुगाची खिचडी लावायची, आईला फोन करून इथे सगळे किती चांगले आहेत ते सांगायचं.

त्या शुक्रवारी दुपारी कुणीतरी माझ्यासमोर ताट आपटलं.

"ट्रेनी, रोज भिंतीकडे तोंड करून काय जेवतेस? शाळेत शिक्षा झाल्यासारखी."

ही शिरीन तांबोळी. लॅबमध्ये होती, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. सॉसची प्रत्येक बॅच तिच्या सहीशिवाय बाहेर जात नसे, म्हणून सगळे तिला वचकून असत. तिच्या पाठोपाठ पुष्कर बोरस्ते येऊन बसला. तो मेंटेनन्सचा इंजिनिअर. कारखान्यातली कुठलीही मशीन बंद पडली की आधी त्याच्या नावाने ओरडा व्हायचा.

"नाव काय गं तुझं?" त्याने विचारलं. "वाकचौरे, ते माहीत आहे. पुढचं."

"ऋजुता."

"ऋजुता, आज आम्ही बर्गर खायला चाललोय. घाटाखाली. येणार?"

"सर, मी..."

"सर इथे. गाडीत बसलं की पुष्कर. पावणेसहाला गेटवर. उशीर केलास तर तुझ्या वाटचा शिरीन खाईल, ती दोन-दोन हाणते."

"तू तीन हाणतोस ते सांग," शिरीन म्हणाली.

दुपारभर मी घड्याळ बघत होते.

पावणेपाचला चार नंबरची टाकी धुवायला घेतली. दिवाळी बारा दिवसांवर आलेली, आधीचा माल जात नाही तोवर नवी ऑर्डर येत होती, टाक्या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात धुऊन घ्यायच्या असा हुकूम होता. टाकी म्हणजे स्टीलचा उभा पिंप, दोन पुरुष उंच. वर माणूस उतरेल एवढं तोंड, आत सॉस ढवळणारी चार पाती. माणूस आत उतरून ब्रशने घासतो. तो उतरण्याआधी खालच्या पॅनलवरची दांडी बंद करायची आणि दांडीला कुलूप लावायचं. जो आत जाणार, त्याचं स्वतःचं कुलूप, त्याच्या नावाचं. किल्ली त्याच्या स्वतःच्या खिशात. कुलूप आहे तोवर पाती फिरू शकत नाहीत. पहिल्या दिवशी ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला दोनदा म्हणायला लावलं होतं.

पण टाकीत उतरायची कंत्राटी माणसं, आणि कंत्राटदाराने त्यांना कुलपं दिली नव्हती. म्हणून तिथे एक रीत पडली होती. माणूस कंत्राटदाराचा, कुलूप ऑफिसरचं. ऑफिसरने त्याच्या वतीने आपलं कुलूप लावायचं आणि तो बाहेर येईपर्यंत थांबायचं. पाळी बदलली तर पुढच्या ऑफिसरला बोलवायचं, त्याने त्याचं कुलूप लावलं की मग आपलं काढायचं. कागदावर हे कुठेच नव्हतं, पण सगळे करायचे.

त्या दिवशी माणूस होता रंगनाथ खिल्लारे. वय बावन्न, मूळचा जिंतूरकडचा. सगळे त्याला मामा म्हणत. टाकीच्या तोंडाशी दुसरा माणूस उभा हवा असतो. तो आलाच नव्हता.

"मामा, दुसरा कुठाय?"

"त्याचं पोरगं आजारी हाये, मॅडम. मी एकलाच करतो. तुम्ही हाव ना वर."

मी कुलूप लावलं. लाल कुलूप, वर पांढऱ्या अक्षरांत 'आर. वाकचौरे'. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"किल्ली सांभाळा बरं," मामा शिडी चढताना म्हणाला. "मागच्या ट्रेनी साहेबानं चरात पाडली होती. कापायलाच लागलं मग लॉक. लई शिव्या खाल्ल्या त्यानं."

"मी नाही पाडणार."

"तेबी असंच म्हणले होते."

पाच वीसला तो चहाला बाहेर आला. हातपाय धुवायच्या नळाशी उभा राहून त्याने कागदी कपातला चहा दोन घोटांत संपवला. डोक्याची टोपी काढून पिळली.

"झालं का, मामा?"

"कडा झाल्या. तळ राहिला. गरम पाणी आलं की अर्धा घंटा."

गरम पाणी बॉयलरवरून यायचं. बॉयलर दुसऱ्या लाइनीला जोडलेला होता. कधी येईल ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

साडेपाचचा भोंगा झाला. पुढच्या पाळीचा ऑफिसर बॉयलरकडे होता, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याला शोधून आणायचं, त्याचं कुलूप लावायचं, माझं काढायचं, रजिस्टरमध्ये दोघांनी सह्या करायच्या. पंधरा-वीस मिनिटं. पाच अडतीसला शिरीनचा मेसेज आला: 'ये लवकर. तो माल संपला की शटर ओढतो.'

मी शिडी चढून वर गेले. मामा टाकीच्या तोंडाशी पाय आत सोडून बसला होता, पाण्याची वाट बघत.

"मामा, मी निघते."

"जावा."

"पुढच्या साहेबांना भेटायला वेळ नाही. माझं लॉक तसंच राहू देते."

"लॉक हाये ना?"

"आहे."

"मंग काळजी नाही. जावा तुम्ही, पोरीच्या जातीनं अंधाराच्या आत घरी जावं."

मी घरी चालले नव्हते, पण तसं सांगितलं नाही. शिडी उतरताना मी विचार केला की कुलूप लटकतंय तोवर काहीही होऊ शकत नाही. तो विचार बरोबर होता.

पुष्करची जुनी पांढरी आल्टो गेटवर उभी होती. शिरीन पुढे, मी मागे. गाडीत बसल्यावर पहिली पाच मिनिटं मी कुणालाच कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मग पुष्करने एका ट्रकला ओव्हरटेक करताना असा काही वळसा घेतला, की माझ्या तोंडून "अरे पुष्कर!" निघालं, आणि शिरीन टाळ्या पिटत म्हणाली, "आली! लायनीवर आली!"

दुकान एका नवरा-बायकोचं होतं. नवरा पूर्वी मोठ्या हॉटेलात आचारी होता म्हणे. कंटेनरला पिवळा रंग, समोर सहा टेबलं, दिव्यांची माळ. तो पाव मधून कापून तव्यावर लोण्यात दाबायचा, पार कडा कुरकुरीत होईस्तोवर. मग चिकनची जाड टिक्की, वर चीज, वर त्याच तव्यावर परतलेला कांदा. त्याची बायको वरून हिरव्या मिरचीची ओली चटणी लावायची.

"भाऊ, चिकन हलाल ना?" शिरीनने विचारलं.

"ताई, तुम्ही दर शुक्रवारी विचारता, मी दर शुक्रवारी हो म्हणतो. एखाद्या शुक्रवारी नाही म्हणालो तर काय कराल?"

"तुझी मेयोनीज लॅबला पाठवीन."

तो हसला आणि लाल सॉसची बाटली टेबलावर ठेवून गेला. बाटलीला लेबल नव्हतं. पुष्करने एक थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"आपलाच माल आहे हा."

शिरीनने बाटली उलटी धरली आणि सॉस कसा सरकतो ते दिव्यासमोर बघितलं. "आपला आहे, पण चार नंबरचा नाही. चार नंबरचा एवढा पातळ येत नाही. हा दोन नंबरचा. दोन नंबरची पाती झिजलीत, मी मार्चपासून सांगतेय, आणि मेंटेनन्सवाले बर्गर खात फिरतायत."

"ऋजुता, बघितलंस? हिच्याबरोबर साधा सॉस पण खाता येत नाही."

बर्गर आले. मी अकोल्यात आणि नगरला खाल्लेले बर्गर म्हणजे गोड पावात बटाटावडा. हा वेगळाच होता. पहिला घास घेतल्यावर मी काहीच बोलले नाही, तेव्हा पुष्कर म्हणाला, "बघ, हिला पण झालं. शिरीन पहिल्या वेळी रडली होती."

"मिरचीने रे."

"मिरचीने म्हणे!"

त्यांनी मला सगळं विचारलं. घरी कोण कोण, वडील काय करतात, कॉलेजात कुणी होता का. मी सांगत गेले. पुढच्या शुक्रवारी त्र्यंबक रोडला जायचं ठरलं, तिथे कुणीतरी चुलीवरचं मटण करतो. "चौघांची गाडी होते आपली, अजून एक गिऱ्हाईक बघू," पुष्कर म्हणाला. त्यात माझा हिशेब धरलेला होता. मला बरं वाटत होतं. इतकं की मी चटणी संपवून बोट चाटलं, आणि तेव्हा फोन वाजला.

त्या अडतीस सेकंदांबद्दल माझा जबाब असा आहे: 'सेकंड शिफ्टचे ऑपरेटर दौलत गांगुर्डे यांनी मला फोन करून सांगितले की, चार नंबरच्या टाकीवर माझे कुलूप असून त्यांना बॅच सुरू करायची आहे. मी त्यांना टाकीत डोकावून आत कोणी नसल्याची खात्री करून घेण्यास व त्यानंतरच कुलूप कापण्यास सांगितले.' खाली माझी सही आहे.

मी फोन ठेवला.

"काय म्हणतो?" पुष्करने विचारलं.

"लॉक राहिलं माझं. चार नंबरवर. कापू का म्हणाला."

पुष्कर खुर्चीत मागे रेलून हसला. "पहिल्याच महिन्यात! वाकचौरे, तू पुढे जाणार. मी पहिल्या वर्षात चारदा कापून घेतलंय. स्टोअरवाला मला म्हणायचा, बोरस्ते, तुला कुलपं किलोवर देतो."

शिरीन हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "मामाच होता ना आज चार नंबरवर?"

"हो. गेला असेल तो. अर्ध्या तासाचंच राहिलं होतं."

तिने मान हलवली आणि टिक्कीचा एक तुकडा तोडून घेतला. तो तिने तोंडात टाकलेला मला आठवत नाही.

सात अकराला पुन्हा फोन आला. गांगुर्डेच होता. आधी नुसता श्वास ऐकू आला, मागे कुणीतरी मोठमोठ्याने ओरडत होतं.

"मॅडम," तो म्हणाला. "मॅडम, मामा आत होता."

नंतर चौकशीत जे कळलं ते असं. गरम पाणी सहा वीसला आलं. मामा सहा पंचवीसच्या सुमारास पुन्हा आत उतरला. गांगुर्डे त्या दिवशी पॅकिंगला होता. सहा चाळीसला त्याला चार नंबरवर धाडलं, कारण रात्रीची गाडी भरायची होती. पॅनल खाली, टाकीचं तोंड वर, मध्ये पंपाचा आवाज. कुलूप कापण्याआधी ज्याचं कुलूप त्याला फोन करायचा आणि टाकीत डोकावायचं, असे दोन नियम. पहिला सगळे पाळायचे, कारण नवं कुलूप मागवण्यासाठी त्याची सही लागे. दुसरा जमेल तसा. सहा चोपन्नला पाती सुरू झाली. सात वाजून आठ मिनिटांनी वर गेलेल्या माणसाने टाकीत बघितलं.

पुष्करने गाडी कशी काढली ते आठवत नाही. घाटाच्या बाजूने ट्रकची रांग होती. मग त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"ऋजुता. ऐक नीट. तो काय म्हणाला आणि तू काय म्हणालीस, हे आता गेल्या गेल्या विचारतील. तू त्याला आत बघायला सांगितलंस. बरोबर?"

मी आरशावरून नजर काढून घेतली.

"तू सांगितलंस. सांगितल्याशिवाय कुणी कापतं का? मी समोर बसलो होतो. मी ऐकलंय."

"पुष्कर..." मी म्हणाले.

"अगं, तुला सदतीस दिवस झालेत! त्याला नऊ वर्षं. बघायचं काम त्याचं. फोनवरून तू काय बघणार? तू सांगितलंस, त्याने केलं नाही. एवढंच आहे हे." त्याने शेजारी पाहिलं. "शिरीन, तूही ऐकलंस ना?"

शिरीन काचेतून बाहेर बघत होती. समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड तिच्या गालावरून सरकत होता. मग ती म्हणाली,

"मी हात धुवायला गेले होते."

फोन चालू असताना ती जागची हलली नव्हती. टेबलाखाली तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता.

"बरं," पुष्कर म्हणाला. "तू हात धुवायला गेली होतीस."

गेटवर अँब्युलन्स उभी होती, दिवा फिरत होता, सायरन बंद. चार नंबरकडे आम्हाला जाऊ दिलं नाही. पॅनलशी कापलेलं लाल कुलूप जमिनीवर पडलं होतं आणि त्याच्या भोवती कुणीतरी खडूने गोल काढला होता. गांगुर्डे भिंतीला टेकून खाली बसला होता. मला बघून तो उठला, दोन पावलं आला, आणि हवालदाराने त्याचा दंड धरला.

"मॅडम, सांगा ना यांना," तो म्हणाला.

हवालदाराने मला विचारलं, "तुमचं कुलूप?"

"हो."

"काय सांगितलं होतं याला?"

मी सांगितलं. जबाबातलं वाक्य तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. गांगुर्डेने ते ऐकलं. तो रागावला नाही की ओरडला नाही. एखाद्याने आपल्याला भलत्याच नावाने हाक मारावी, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

मला लेखी ताकीद मिळाली. पुढच्या ऑफिसरला न भेटता निघून गेल्याबद्दल. पाच ओळींचं पत्र होतं. पुष्करने जबाब दिला. शिरीननेही दिला, आठ ओळींचा, त्यात ती हात धुवायला गेली होती. मामाची बायको आणि दोन भाऊ जिंतूरहून आले, दोन दिवस गेटसमोरच्या झाडाखाली बसले आणि तिसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार उरकून परत गेले. मी त्यांना भेटले नाही. कंत्राटदाराने पुढच्या आठवड्यात कुलपं दिली. प्रत्येकाला एक, निळी.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्र्यंबक रोडला गेलो नाही. कँटीनमध्ये मात्र तिघं एका टेबलावर जेवू लागलो. पुष्कर बोलायचा, आम्ही दोघी हो-नाही करायचो. चार महिन्यांनी मी पुण्याजवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात गेले. निरोपाला शिरीन स्टँडपर्यंत आली. तिने पाण्याची बाटली घेऊन दिली आणि बस सुटेपर्यंत थांबली, पण खिडकीशी आली नाही.

खटला दोन हजार अठराला संपला. मी साक्षीला गेले होते. उलटतपासणी अकरा मिनिटं चालली. गांगुर्डेच्या वकिलाने एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला आणि मी तीनदा तेच उत्तर दिलं. गांगुर्डेला एक वर्षाची सजा झाली. तो अपिलात गेला, जामिनावर सुटला, अपील पडून राहिलं. पुष्कर तोवर आखातात गेला होता.

गेल्या महिन्यात गांगुर्डे माझ्या ऑफिसात आला.

शिपायाने नाव सांगितलं तेव्हा मी त्याला नाही म्हणून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तो खूप वाळला होता. केसांत, भुवयांवर पांढरं काहीतरी होतं, ते मला आधी वय वाटलं. मग कळलं, पीठ.

"गिरणीवर असतो आता," तो म्हणाला. "नायगावला. सकाळची गाडी पकडली तर तसाच आलो. मॅडम, भांडायला नाही आलो बरं का."

"बसा."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. चहा आला, त्याने बशीत ओतला.

"वकील म्हणतो, अपिलात एकच गोष्ट आहे. मी तुम्हाला विचारलं का नाही, माणूस बाहेर आहे का म्हणून. मी कोर्टात सांगितलं, विचारलं. तिथं कोणी मानलं नाही, ते जाऊ द्या. पण मॅडम, तेरा वर्षं झाली, सगळे एकच म्हणू राहिले. तू विचारलं नाही, तू बघितलं नाही. बघितलं नाही ते खरंय. ते मी मरेपर्यंत नाकारणार नाही. पण विचारलं होतं, असं मला वाटायचं. आता रात्री जाग येते तर मलाच समजत नाही. खरंच विचारलं होतं का मी? का नंतर मनानं जोडलं?" त्याने बशी खाली ठेवली. "कोर्टात नका सांगू पाहिजे तर. मला सांगा फक्त. मी विचारलं होतं का?"

काचेच्या पलीकडे माझ्या हाताखालचे दोन जण रिपोर्ट घेऊन उभे होते.

"गांगुर्डे," मी म्हणाले, "फार वर्षं झाली."

"हो," तो म्हणाला. "ते तर झालीच."

त्याने उरलेला चहा प्यायला, शिपायाला पाण्याचा पेला परत दिला आणि गेला.

त्याने विचारलं होतं. सहा बावन्नला तो म्हणाला, "मॅडम, चार नंबरवर तुमचं लॉक लटकेल आहे. बॅच लावायची. माणूस बाहेर आहे ना?" मी म्हणाले, "हो, हो. मामा गेले कधीच." तो म्हणाला, "मंग कापू?" मी म्हणाले, "कापा." यात वीस सेकंदही गेले नसतील. 'थांबा, मी येते' म्हणाले असते तर पुष्करला बर्गर टाकून उठावं लागलं असतं, पंचवीस मिनिटं मागे जावं लागलं असतं, आणि आत माणूस ठेवून मी निघून आले हे त्या दोघांना कळलं असतं. हे सगळं मला तेव्हा सुचलं होतं, एकदम, ओळीने. उरलेल्या सेकंदांत गांगुर्डेने विचारलं, "आवाज कसला येऊ राहिला? हॉटेलात का?" मी म्हणाले, "बर्गर खातोय." तो हसला. "मज्जा आहे बुवा ऑफिसर लोकांची. आम्हालाही आणा एखादा." मी म्हणाले, "आणते."

परवा शिरीनचा फोन आला. नऊ वर्षांनी. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही.

"तो माझ्याकडेही आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"तुला जे विचारलं तेच. तू काय सांगितलंस तेही सांगितलं त्याने."

"मग?"

"मी म्हटलं, दादा, मी हात धुवायला गेले नव्हते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेवढ्यावर तो रडायला लागला गं. माझी मुलं घरात होती. दुसऱ्या दिवशी वकिलाला घेऊन आला."

"वकिलाला काय सांगितलंस?"

"ऋजुता, तू आधी मला सांग. तू कोर्टात येणार आहेस का?"

मी विचारलं, कधी आहे. तिने तारीख सांगितली. मग तिच्या घरातून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

नवी साक्ष घ्यावी, असा अर्ज गांगुर्डेच्या वकिलाने दिला आहे. अर्जात शिरीनचं नाव आहे, माझं नाही. कोर्ट ती साक्ष घेईल की नाही, ते सोळा तारखेला ठरेल. आज बारा. मी अजून रजा टाकलेली नाही.